संच म्हणजे नुसते तुकडे नव्हेत

लेगोचा सेट घरात येतो, चार संध्याकाळी बसून जोडला जातो, कपाटावर मांडला जातो, आणि मग रिकाम्या खोक्याकडे बोट दाखवून घरातलं कुणीतरी विचारतं, ‘हे आता कशाला ठेवायचं?’ या प्रश्नाचं उत्तर हल्ली सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं आहे. खोकं म्हणजे पुठ्ठा, पुस्तिका म्हणजे रद्दी, जपायचे ते तुकडे. पुस्तिका लागलीच तर नेटवर मिळते. शिवाय सूचना वाचून जोडण्यात कसली आलीय कल्पकता, मुलांनी आपल्या मनाने काहीतरी बनवावं. दोन खोल्यांच्या घरात माणसांना जागा पुरत नाही, तिथे खोक्यांना कुठून आणायची? आणि इतकं सांगूनही जो ही खोकी आणि पुस्तिका सांभाळत बसतो, तो एक तर भाव चढायची वाट बघणारा सटोडिया असणार, नाहीतर ज्याच्या हातून काही टाकवतच नाही असा माणूस. हे सगळं इतक्या ठामपणे बोललं जातं की ठेवणाराच ओशाळतो आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत गुपचूप सगळं रद्दीवाल्याच्या तराजूत घालतो.

हे मत मला नुसतं चुकीचं वाटत नाही, उफराटं वाटतं. जे बाजारात केव्हाही मिळेल ते कवटाळायचं आणि जे एकदा गेलं की परत मिळणं मुश्किल ते आधी टाकायचं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. हे समजण्यासाठी या खेळण्याची मूळ घडण पाहावी लागते. डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावात ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. त्याचा मुलगा गॉडफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी आज आपण ओळखतो त्या प्लास्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर गोल खुंट्या, आत पोकळ नळ्या, आणि मापात इतका काटेकोरपणा की तेव्हाच्या ठोकळ्यावर आजचा ठोकळा घट्ट बसतो. कंपनीचं सगळं यश या एका निश्चयावर उभं आहे की तुकड्याचं माप बदलायचं नाही. दोन बाय चार खुंट्यांचा लाल ठोकळा किल्ल्याच्या सेटमधून निघाला की अग्निशमन दलाच्या बंबातून, हे त्या ठोकळ्याकडे पाहून कुणाला सांगता येणार आहे? तो हरवला तर तसाच दुसरा आणून बसवा, काहीही बिघडत नाही. ब्रिकलिंक या संकेतस्थळावर जगभरातले विक्रेते असे सुटे तुकडे रंगानुसार, क्रमांकानुसार विकायला बसलेले आहेत. मग सेटला सेटपण येतं कशामुळे? कोणते तुकडे, किती, कोणत्या रंगाचे, कोणत्या क्रमाने, आणि शेवटी दिसायचं कसं, ही माहिती प्लास्टिकमध्ये कुठेही नसते. ती कागदावर असते. क्रम पुस्तिकेत असतो आणि रूप खोक्यावर. तुकड्यांना कूळ नाही, जे कूळ आहे ते कागदाला आहे. आणि आपण नेमका तो कागद फेकतो.

ताजमहालाचा सेट घ्या. २००८ मध्ये तो १०१८९ या क्रमांकाने आला, तेव्हा त्यात ५,९२२ तुकडे होते आणि त्यांतले बहुतेक पांढरे. चार मिनार, मधला घुमट, खालचा चौथरा, कमानींच्या जाळ्या. आता कल्पना करा की भाड्याचं घर बदलताना तो सुटा झाला आणि पिशव्यांत भरला गेला. पुस्तिका नसेल तर त्या पिशव्यांत काय उरतं? कित्येक किलो पांढरं प्लास्टिक. मूळ जोडणाऱ्यालासुद्धा सहा हजार तुकड्यांचा क्रम आठवणीतून उभा करता येणार नाही, दुसऱ्याची तर गोष्टच सोडा. मारी कोंडो यांच्या जगभर गाजलेल्या आवराआवरीच्या पुस्तकात विजेच्या उपकरणांची माहितीपत्रकं आणि खोकी टाकून द्यायचा सल्ला आहे, आणि तो सल्ला तिथे योग्यच आहे. फ्रीज चालवायला माहितीपत्रक लागत नाही. मिक्सरचं झाकण कसं लावायचं ते हाताला कळतं. पण तोच नियम उचलून जोडणीच्या खेळण्याला लावणारे लोक एक साधा फरक विसरतात. फ्रीजचं माहितीपत्रक फ्रीजबद्दल सांगतं, आणि लेगोची पुस्तिका ही त्या वस्तूचाच एक भाग असते. ती काढून घेतली की वस्तू अपुरी राहते. जुन्या लेगोच्या बाजाराला हे पक्कं ठाऊक आहे. पुस्तिका नसलेले, मिसळलेले तुकडे तिथे सर्रास वजनावर विकले जातात, किलोला अमुक. पुस्तिकेसह पूर्ण असलेला सेट मात्र नावाने आणि क्रमांकाने विकला जातो. एखादी गोष्ट नावाने ओळखली जाते की वजनाने, हा फरक किरकोळ आहे का?

यावर लगेच उत्तर येतं की पुस्तिका नेटवर आहेत. सगळ्यांत जोरात मांडला जाणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यांत कच्चा मुद्दाही हाच. कंपनीच्या संकेतस्थळावर पुस्तिका मोफत उतरवून घेता येतात हे खरं. ती सोय चांगली आहे आणि जिथे लागेल तिथे ती वापरावी. पण ती साधारण १९९६ पासूनच्या सेटसाठी आहे. कंपनी सेटबरोबर छापील सूचना देऊ लागली १९६४ मध्ये. मधली तीन दशकं, म्हणजे १९७८ मधला पिवळा किल्ला, १९७९ मधलं ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ हे निळं-करडं अंतराळयान, १९८९ मधलं समुद्री चाच्यांचं मोठं जहाज, या सगळ्यांच्या पुस्तिका आज पडद्यावर दिसतात त्या कुणामुळे? नेटवर आपोआप काहीही उगवत नाही. कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी टेबलाच्या खणात ती पुस्तिका तीस-चाळीस वर्षं राहिली, मग तिच्या मालकाने एकेक पान उलगडून स्कॅन केलं आणि इतरांसाठी खुलं केलं. हौशी लोकांच्या अशा संग्रहांतल्या जुन्या पुस्तिकांचा मोठा भाग याच वाटेने आलेला आहे. १९८५ मध्ये सगळ्या घरांनी आजचा हा शहाणपणाचा सल्ला पाळला असता तर आज स्कॅन करायला काय उरलं असतं? ‘नेटवर आहे’ असं म्हणणारा माणूस, ज्यांना तो अडगळ जमवणारे म्हणून हिणवतो, त्यांच्याच कष्टांवर उभा राहून बोलत असतो. आणि ज्या सेटची पुस्तिका अजून कुणी चढवलेली नाही, तिची जी प्रत तो आज रद्दीत घालतो आहे, तीच कदाचित शेवटच्या काही प्रतींपैकी एक असेल, हे त्याच्या गावीही नसतं.

शिवाय पडद्यावरची पुस्तिका आणि छापील पुस्तिका एकच असतात असं मानणाऱ्यांनी कधी जुना सेट नीट जोडून बघितलेला दिसत नाही. २००४ च्या सुमाराला कंपनीने आपल्या दोन्ही करड्या छटा बदलल्या आणि तपकिरीही बदलली. जुना करडा किंचित पिवळट, नवा किंचित निळसर. शेजारी ठेवले तर फरक स्पष्ट दिसतो, वेगवेगळे पाहिले तर बऱ्याच जणांना ओळखू येत नाही. हलक्या प्रतीच्या स्कॅनमध्ये हा फरक पार पुसला जातो. काळा आणि गडद करडा, गडद लाल आणि तांबूस तपकिरी यांची गल्लत तर नेहमीची. मोबाइलच्या पडद्याचा उजेड कमी-जास्त केला की रंग बदलतो. छापील पानावरचा रंग निदान तुमच्या हातातल्या सेटच्या काळचा असतो आणि तुकडा त्या पानावर ठेवून ताडून पाहता येतो. अलीकडच्या पुस्तिकांच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक तुकड्याचं चित्र, संख्या आणि क्रमांक असलेली यादी असते. काही वर्षांतले तांबूस तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघाले, काढताना टचकन मोडतात, हे जोडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोडलेल्या तुकड्याच्या जागी नेमका कोणता मागवायचा हे त्या यादीवरून एका नजरेत कळतं. यादी नसेल तर अंदाजाने शोधत बसायचं.

आणि नेटचा भरवसा किती धरायचा? २०१७ मध्ये आलेल्या ‘बूस्ट’ या यंत्रमानवाच्या सेटमध्ये छापील जोडणी-पुस्तिका दिलीच नव्हती, सूचना ॲपमध्ये होत्या. १९९८ पासून चालत आलेली ‘माइंडस्टॉर्म्स’ ही मालिका कंपनीने २०२२ च्या अखेरीस बंद केली आणि तिच्या शेवटच्या सेटच्या ॲपला आणखी दोनच वर्षं आधार देऊ असं सांगितलं. ठोकळा साठ वर्षं टिकतो आणि त्याला चालवणारं ॲप दोन वर्षांच्या बोलीवर जगतं. हे लक्षात घेतल्यावर तरी, कागद घरी असताना तो फेकून सगळी मदार एका कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणं याला व्यवहारीपणा म्हणता येईल का? मी पडद्याच्या विरोधात नाही. डोळ्यांना त्रास असलेल्यांना चित्र मोठं करून पाहता येतं, वस्तू फिरवून बघता येते, हे फायदे खरे आहेत. पण दोन प्रती असणं आणि एकच प्रत परक्याच्या घरी असणं यांत फरक आहे, आणि तो बँकेच्या पासबुकाबाबत आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

खोक्याची बाजू लोकांना पुस्तिकेपेक्षाही दुबळी वाटते. पुस्तिका एक वेळ ठीक, पण पुठ्ठा? तर या पुठ्ठ्याकडे जरा जवळून पाहू. सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतल्या अनेक सेटच्या खोक्यांवर मागच्या बाजूला आणखी काही रचनांची चित्रं असत. त्याच तुकड्यांतून होणारं दुसरं यान, दुसरी गाडी, दुसरा बुरूज. या पर्यायी रचनांच्या सूचना पुस्तिकेत नसत. चित्र पाहायचं, कुठला तुकडा कुठे गेला असेल ते ताडायचं, मागची न दिसणारी बाजू स्वतः ठरवायची आणि जोडून पाहायचं. त्या रचनांची नोंद खोक्याशिवाय दुसरीकडे फारशी सापडत नाही. खोकं फाडलं की सेटची अर्धी शक्यता फाडली जाते. जुन्या मोठ्या सेटच्या खोक्यांना वर उघडणारं झाकण असे, ते पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखं उचललं की आत पारदर्शक खिडकीखाली तुकडे आणि माणसं रचलेली दिसत. खेळ संपला की तुकडे परत त्याच खणांत ठेवायची सोय त्यात होती. कंपनीने खोकं हे वापरायची वस्तू म्हणून घडवलं होतं. आजची खोकी त्या मानाने साधी आहेत हे मान्य. तरीही पूर्ण रचना कशी दिसते, कोणती माणसं सेटमध्ये आहेत, कोणत्या वर्षी कोणत्या रूपात तो विकला गेला, हे सांगणारं मोठं रंगीत चित्र त्याच्यावरच असतं.

आता कल्पकतेचा मुद्दा. सूचना पाळणं म्हणजे आज्ञाधारकपणा आणि पुस्तिका फेकणं म्हणजे स्वातंत्र्य, असं मानणारे पालक आणि शिक्षक पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हेतू चांगला आहे म्हणून त्यांना उत्तर देणं जास्त गरजेचं आहे. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी दाखवून दिलं की दोन बाय चारचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. हा आकडा पुस्तिकेच्या विरोधकांचा आवडता आहे. पण तो काय सिद्ध करतो? शक्यता अफाट आहेत एवढंच. त्यांतली कोणती रचना उभी राहील, कोणती उचलताच मधून तुटेल, भिंतीचे सांधे एकावर एक आले तर ती का उभी चिरते, खुंट्या वर न ठेवता आडव्या वळवल्या तर गुळगुळीत पृष्ठभाग कसा मिळतो, तिरकं छप्पर बिजागरीवर कसं तोलायचं, हे त्या आकड्यात नाही. हे पुस्तिकेत आहे. चांगला रचनाकार पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर एखादी युक्ती पेरून ठेवतो आणि जोडणाऱ्याच्या हातात ती नकळत उतरते. संगीतातही हेच पाहा, पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. त्यामुळे गवयांचं गाणं आटलं का? बंदिश पाठ असलेला माणूसच रागात मोकळा फिरतो. जे मूल एक किल्ला पानापानाने जोडून, मोडून, पुन्हा जोडतं, ते तिसऱ्या वेळी दरवाजा दुसरीकडे बसवतं, बुरूज वाढवतं, आणि बिघडलं तर परत यायला त्याच्याकडे पुस्तिका असते. परतीची वाट असली की धाडस वाढतं. ज्या मुलाला पुस्तिकाच दिली नाही, ते एकदा जोडलेलं मोडायलाच घाबरतं, कारण मोडलं की ते कायमचं गेलं. मग पुस्तिका टाकून आपण त्याला मोकळं केलं की जखडलं?

जागेचा प्रश्न खोटा नाही. मुंबई-पुण्यात, ठाण्यात, पनवेलला जागेची किंमत काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आतल्या मालाच्या मानाने खोकी मोठी असतात हेही खरं. पण जागा खातो तो पुठ्ठा नव्हे, पुठ्ठ्याच्या आतली हवा. खोकं चपटं करता येतं. अंगठ्याने दाबून आत ढकलायची जी अर्धगोल खूण खोक्यावर छापलेली असते, तिला हात लावू नये, तिथून उघडलं की कड कायमची फाटते. त्याऐवजी दोन्ही टोकांच्या झडपा जिथे गोंदाने चिकटवलेल्या असतात तिथे पातळ पट्टी सरकवून हलकेच सोडवाव्यात. दोन्ही टोकं सुटली की खोकं घडीवर आडवं होतं. अशी डझनभर खोकी पलंगाच्या गादीखाली किंवा कपाटामागच्या फटीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याएवढ्या जागेत मावतात. पुस्तिका फायलीत उभ्या ठेवाव्यात, सेटचा क्रमांक कण्यावर लिहून. आपल्या हवेत खरा शत्रू जागा नाहीच, तो दमटपणा आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने माळ्यावर ठेवलेल्या कागदाला बुरशी धरते, कसर पानं चाळणीसारखी करते, जमिनीलगत ठेवलं तर वाळवी पुठ्ठा आतून पोकळ करून टाकते. म्हणून माळा आणि जमीन दोन्ही टाळावीत. बंद होणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पाकिटं, आणि पावसाळा संपल्यावर एकदा उघडून वारा दाखवणं, एवढं पुरतं. रबरबँड लावू नये, ते वितळून कागदाला चिकटतं. सेलोटेप लावू नये, त्याचा पिवळा डाग कधी जात नाही. डांबरगोळ्या तुकड्यांच्या जवळ ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने काही जातीचं प्लास्टिक मऊ पडतं. एवढी काळजी आपण लग्नाच्या अल्बमची घेतो, पैठणीची घेतो, कुंडल्यांची घेतो. ज्या वस्तूसाठी दहा-वीस हजार मोजले तिच्या कागदांसाठी ती जड का जावी?

राहिला पैशाचा आरोप. ठेवणारे सगळे भाव चढायची वाट बघतात, हे सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे, पण या आरोपाला खतपाणी घालणारे लोक आहेत हे मी नाकारत नाही. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या दोन संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ सेटच्या किमती तपासल्या आणि दुय्यम बाजारात वर्षाला सरासरी निदान ११ टक्के परतावा मिळतो असं मांडलं. तो निबंध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या बातम्यांनी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर सोनं चमकलं. बातम्यांत एक गोष्ट झाकली गेली. तपासलेले सेट बंद होते, न उघडलेले होते. त्यांतल्या पुस्तिकेचं एकही पान कुणी उलटलेलं नव्हतं. आणि सरासरीच्या पोटात मोठे तोटेही दडलेले होते, काही सेटनी खरेदीदाराला सपशेल बुडवलं. ताजमहालाचंच पाहा. जुन्या सेटचं उत्पादन बंद झाल्यावर त्याची किंमत बेफाम चढली, लोकांनी ती गुंतवणूक म्हणून धरून ठेवली, आणि २०१७ मध्ये कंपनीने १०२५६ या नव्या क्रमांकाने जवळपास तोच सेट, एक तुकडा जास्त घालून, पुन्हा बाजारात आणला. ज्याने जोडायला घेतला होता त्याचं यात काहीच गेलं नाही. ज्याने न उघडता दाबून ठेवला होता त्याचं गणित चुकलं. सील न तोडता खोकं कपाटात कोंडणारा आणि सील तोडून खोकं रद्दीत देणारा, हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघांच्याही घरी पुस्तिका वाचली जात नाही. मी ज्या जपण्याची बाजू घेतो आहे ते वापरण्यासाठीचं जपणं आहे. कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेली, मुलाने पेन्सिलीने पायऱ्यांवर खुणा केलेली पुस्तिका सटोडियाच्या दृष्टीने मातीमोल असेल. जोडणाऱ्याच्या दृष्टीने ती पूर्ण आहे.

पर्यावरणाचं नाव घेऊन पुठ्ठा पुनर्वापराला द्या म्हणणाऱ्यांनाही एक विचारायला हवं. एखाद्या वस्तूचा सगळ्यांत चांगला पुनर्वापर कोणता? ती आहे तशी दुसऱ्याच्या हातात जाणं. खोक्यातल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून कागदी पिशव्या आणायचं कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलं, ते योग्यच झालं. पण तुकडे ज्या एबीएस प्लास्टिकचे असतात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, आणि जे इतकं टिकतं ते इतका काळ वापरलंही गेलं पाहिजे. आपल्याकडे हा मुद्दा जास्तच लागू पडतो. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर गेलं. परदेशातून येणारा मोठा सेट मध्यमवर्गीय घराला न परवडणारा झाला. अशा वेळी आतेभावाकडून मामेबहिणीकडे, शेजारच्या ताईकडून खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे, वाचनालयातून वस्तीतल्या मुलांकडे सेट फिरला पाहिजे. पुस्तिकेसह गेलेला सेट त्या मुलाला ताजमहाल देतो, जहाज देतो, यान देतो. पुस्तिकेविना गेलेली पिशवी त्याला दुसऱ्याने खेळून टाकलेलं प्लास्टिक देते, आणि मूल हा फरक ओळखतं. आपण देताना उदारपणाचं समाधान मिळवतो आणि घेणाऱ्याच्या हातात अर्धवट वस्तू ठेवतो, याचं कारण एवढंच की दोनशे पानांची एक वही आपल्याला घरात नको होती.

शेवटी असंही म्हटलं जातं की जपायचं काम कंपनीचं आहे, तिने ते करावं. ती करतेच. बिलुंडमध्ये तिचा स्वतःचा संग्रह आहे, जुने सेट तिथे खोक्यासकट ठेवलेले आहेत. ज्या कंपनीने हे खेळणं घडवलं ती स्वतः तुकडे एका पिशवीत भरून, खोकं आणि पुस्तिका फेकून मोकळी झालेली नाही, याची नोंद पुठ्ठा-रद्दी म्हणणाऱ्यांनी घ्यायला हवी. पण एका गावातल्या एका इमारतीत ठेवलेली एक प्रत तुमच्या घरातला विस्कटलेला सेट जोडून देणार नाही. सोलापुरातल्या किंवा साखळी गावातल्या एखाद्या मुलाच्या हातात ती कधी पडणार नाही. त्या मुलाला लागणारी प्रत तुमच्या-माझ्या फायलीत असते. म्हणून घरातलं कुणी रिकाम्या खोक्याकडे बोट दाखवेल तेव्हा ओशाळायचं काही कारण नाही. झडपा सोडवा, खोकं चपटं करा, पुस्तिकेच्या कण्यावर क्रमांक लिहा आणि डब्यात ठेवा. आवराआवरीत काही टाकायचंच असेल तर चार-दोन तुकडे टाकलेत तरी चालतील, ते पुन्हा मागवता येतात.